दोष मिरचीचा नव्हताच!

बायांनो, मारुतीपुढं गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण आटोपून आत्ताच घरी आले. भांडी तशीच पडली आहेत, पण आधी हे सांगते.

सहा महिन्यांपासून आमचे हे म्हणत होते, "भाजी लई झोंबते." मी मिरची कमी केली, उष्णता असेल म्हणून गुलकंद दिला. आज पंगतीत मात्र साध्या वरणानंही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रोडग्याचा घास तर तोंडात जाईना.

शेजारी आमची अकोल्याची भाची बसली होती. ती दातांची डॉक्टर आहे. म्हणाली, "मामा, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बरं."

दोनच गेली.

"माही बोटं जाड हायेत!"

"मग मामीची घाला."

माझीही दोनच! तिनं मोबाइलच्या उजेडात पाहिलं. गाल आतून पांढरे, कडक झालेले.

"हे खर्र्यानं झालं, मामा, त्या तंबाखू-सुपारीनं. तोंड आखडून राहिलं. पुढं कॅन्सर होऊ शकते. आज खर्रा सोडला तर धोका कमी होईल, औषध अन् व्यायामानं तोंडही उघडंल. उद्याच दवाखान्यात या."

आणि काय सांगू! इतक्या वर्षांच्या माझ्या भांडणानं जे झालं नाही, ते झालं. यांनी खिशातली खर्र्याची पुडी काढून गोवऱ्यांच्या विस्तवात टाकली. मी तिथंच मारुतीला हात जोडले, नाचायचीच बाकी राहिले!

तुमच्या घरी खर्रा खाणाऱ्याला तिखट झोंबते का? त्याला आत्ताच तोंड उघडायला लावा. तीनपैकी किती बोटं गेली, मला लिहा.