गेटवरची पाटी

दमट हवेने आमच्या तुंगार्लीच्या बंगल्यातला कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा टाकव्याहून एक दुरुस्तीवाला आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, रंगाचा ब्रश आणि शाळेतल्या पोरांसारखं खोडरबर. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशने धूळ झाडली, आतली एक पट्टी काढली, तिची कड खोडरबराने घासली आणि पुन्हा बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि पासवर्ड मागू लागला.

"तो मी कुणालाही सांगत नाही," मी ऐटीत म्हटलं.

"सांगूच नगा, मावशी. मी एक टाकून बघू का?"

मला हसूच आलं. "बघा की!"

त्याने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं, बटणं दाबली आणि पडद्यावर माझ्या नातीचा फोटो उमटला.

"कुणी सांगितला तुम्हाला?"

"गेटनं. येताना पाटी वाचली. बंगल्याचं नाव न् खाली बांधल्याचं साल." मग हळूच म्हणाला, "बँकेलाबी ह्योच असंल."

होता.

मी दोन्हीकडे नवा पासवर्ड टाकेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मी दिलेला चहा हातात तसाच निववत.

त्याला सोडायला मी गेटपर्यंत गेले. शेजारच्या बंगल्यापाशी त्याने गाडी हळू केली, पाटी वाचली आणि हसून मान हलवली. पुढच्या बंगल्यापाशीही तेच. त्याच्या पुढच्याही.

सगळ्या गेटांना मात्र भक्कम कुलपं होती.