आड उपसला त्या साली

नागुबाई शेषेरावाच्या बांधाला लागून तीस वर्षं राबली, पण तिचं माहेर कुठलं, हेही त्याला कधी सांगता आलं नसतं. तिच्या उंबऱ्याच्या आत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. एवढ्याशा ओळखीवर माणसाबद्दल बोलू नये; पण गावातले बाकीचे त्याहून कमी जाणून जास्त बोलायचे.

लातूर जिल्हा झाला, त्या साली पावसानं दगा दिला. आड कोरडा पडला. टँकर आला, आडात पाणी सोडलं. सोबत नव्या जिल्ह्याचे साहेब. सरपंच दगडोबानं त्यांच्यापुढं भाषण ठोकलं. 'विकास' म्हणून म्हणून त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. तिकडं बौद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन खाली उभ्या. आडाला हात लावायचा नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं, ही गावाची रीत. विकासाला त्यात काही खटकलं नाही.

त्यांतलीच नागुबाई दोर-पोहरा घेऊन सरळ आडावर चढली.

"कुठं निघालीस?" दगडोबा दातओठ खात पुटपुटला.

"पाण्याला. सायबाला इकास दाखवून राहिलात न्हवं? मला बी बघू द्या."

साहेब कौतुकानं मान डोलावत होते, म्हणून कुणी अडवलं नाही. तिनं बौद्धवाड्यातल्या साऱ्या घागरी भरल्या.

जीपचा धुरळा खाली बसला आणि गावाला धर्म आठवला. आड बाटला म्हणे. कालपर्यंत ज्यांना चूळ भरायला पाणी नव्हतं, त्या शहाण्यांनी दुपारभर तेच पाणी उपसून मातीत ओतलं.

"मग प्यायचं काय?" शेषेरावानं विचारलं.

"जिल्हा झालाय आता," दगडोबा म्हणाला. "दुसरा टँकर येतोय की."

तो आठवडाभर आला नाही. सरपंचाचं घर चिखल गाळून प्यायलं. टँकर आला तेव्हा नागुबाई पुन्हा आडावर चढली आणि सारा गाव मुकाट तिच्या मागं रांगेत लागला. मनं वगैरे बदलली नव्हती. घसे वाळले होते. फोटोवाला असता, तर दगडोबानं हाही विकास म्हणून फोटो काढून घेतला असता.

शेषेराव तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पुढं ती लेकीकडं नांदेडला गेली, ती परत आली नाही. त्यामुळं दोघांचं बोलणं झालं ते त्या दिवशी आडावर, तेवढंच. पोहरा वर आला, पाणी हिंदकळलं.

"सरका जरा भाऊ, चपला भिजतील."

"भिजू दे. तुझं होऊ दे आधी."