जाऊबाईंचा शंख

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून मी बदलापुरात नदीकाठाने हिंडते आणि खेकडे, बगळे, रानभाज्या बघत बसते. घरच्यांना हे खूळ वाटतं. वाटू दे. चिखलातल्या खेकड्याने बीळ कसं उकरलं हे बघण्यात जी मजा आहे ती टीव्हीवरच्या मालिकेत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी मालिका चालू असतानाच सांगते.

त्यामुळे मोठ्या जाऊबाईंबरोबर मी अंदमानच्या सहलीला निघाले तेव्हा दोघींच्या नवऱ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. जाऊबाईंची उभी हयात उल्हासनगरच्या कॅम्पात दोन खोल्यांमध्ये गेली. सासू-सासरे, दीर, नणंदा, पाहुणेरावळे, सगळं त्याच दोन खोल्यांत. आता आमच्या बदलापुरातच, मांजर्लीत, त्यांचा फ्लॅट तयार झाला होता, पुराचं पाणी पोचणार नाही इतक्या वरच्या मजल्यावर. परत गेल्यावर लगेच वास्तुशांत होती. त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. बोटीतून निळंशार पाणी दिसलं तर म्हणाल्या, "हॉलला हाच रंग द्यायला हवा होता बघ."

बोटीने आम्हाला एका लहानशा बेटावर उतरवलं. वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळी फुलं उघडलेली. मागे केवड्याचं बन, मुळांचे टेकू लावून उभं. किनाऱ्याच्या टोकाला खडकात लाटांनी कोरलेली गुहा होती आणि तिच्या छताला पाकोळ्यांची वाटीएवढी घरटी चिकटलेली होती. आतल्या अंधारात त्या कुठेही न आपटता सूं सूं फिरत होत्या. मी मान वर करून इतका वेळ उभी राहिले की मानेला रग लागली. बाकीची मंडळी नारळपाण्याकडे गेली. जावोत बापडी.

गाइडने उतरतानाच बजावलं होतं, किनाऱ्यावरचं काही उचलायचं नाही. आमच्या जाऊबाईंनी नेमका मुठीएवढा, तकतकीत, गुबगुबीत शंख उचलला आणि पर्समध्ये टाकला.

"नव्या देवघरात ठेवीन," त्या म्हणाल्या.

"जाऊबाई, तो पूजेचा शंख नाही. आणि उचलायला बंदी आहे."

"रिकामा तर आहे. कोणाचं काय जातंय?"

कोणाचं जातंय ते तिथेच, गुहेच्या सावलीत, तुरुतुरु चालत होतं. एका जातीच्या खेकड्यांचं मागचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. ते मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतात, त्यात राहतात आणि अंगाने वाढले की त्याहून मोठा शोधतात. असे लहानमोठे कितीतरी खेकडे आपापली घरं पाठीवर घेऊन फिरत होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर शंख नव्हता. बाटलीचं निळं प्लास्टिकचं टोपण होतं, तेही तडकलेलं. चाहूल लागली की तो आत शिरायला बघे आणि अर्धाच मावे. वर खडकावर एक कावळा टपून बसला होता.

मी जाऊबाईंचा हात धरला आणि त्यांना तिथे आणून उभं केलं. आधी त्यांनी नाक मुरडलं. मग वाकून पाहिलं. मग गुडघ्यांना शिव्या देत चक्क वाळूत बसल्या.

"अगंबाई, ह्याचं अंग उघडंच आहे की. एवढ्याशा जागेत ह्याने भागवायचं तरी कसं?"

त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी पर्स उघडली, शंख काढला, का कोण जाणे पण पदराने पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला.

तो आला. मिशा फिरवल्या, आत डोकावला आणि मागे सरला. शंख त्याला फारच मोठा होता.

"घ्या! माझा शंख गेला तो गेला, ह्यालाही काही मिळालं नाही," म्हणत जाऊबाईंनी हात पुढे केला.

"थांबा!" मी ओरडलेच. "तो कुठे गेलाय? शेजारीच बसलाय बघा."

खरंच तो हलला नव्हता. मग दुसरा आला, जरा मोठा. त्यालाही शंख मोठा, तोही तिथेच थांबला. मग तिसरा. बघता बघता मोठ्याच्या मागे लहान अशी रांग लागली, प्रत्येकाने पुढच्याचं घर धरून ठेवलेलं. हे असं होतं असं मी वाचलं होतं. ह्या जन्मी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिकडून गाइड ओरडला, "मॅडम, चलो, बोट निकल रही है!"

"रुको भैया!" जाऊबाई बसल्या जागेवरून गरजल्या. "इधर शिफ्टिंग चालू है!"

आणि केवड्याच्या मुळांतून एक दांडगा खेकडा आला. त्याने शंख चाचपला, उलटवला आणि क्षणात आपलं घर सोडून आत शिरला. त्याच्या सुटलेल्या घरात रांगेतला पहिला, पहिल्याच्या घरात दुसरा. आम्हाला धड बघताही येईना इतक्या झपाट्याने रांग सरकली.

"आमच्या जुन्या खोल्या भाच्याने घेतल्या, तसंच की गं!" म्हणत जाऊबाईंनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. शेवटी एक छोटा, करडा, धडधाकट शंख उरला. टोपणवाला बाहेर आला, पार उघडा. कावळ्याने पंख उचलले. मी गळ्यातली ओढणी काढून गरागरा फिरवून त्याला हाकललं. खाली पाहिलं तर टोपण वाळूत उताणं पडलेलं आणि करडा शंख चालू लागलेला.

मी रडत होते आणि हसत होते. इतकी मी माझ्या बढतीलाही आनंदले नव्हते.

जाऊबाईंची मात्र खात्री पटेना. त्यांनी मुद्दाम बोट त्याच्या जवळ नेलं. तो झटकन आत गेला, पुरता आत, आणि आपली मोठी नांगी तोंडाशी आडवी लावून बसला.

"दार लावलं गं त्याने!" जाऊबाई किंचाळल्या. "दार लावलं!" बोटीतली माणसं काय झालं म्हणून उठून उभी राहिली.