पाचव्या बाईचं इरलं

सकाळी आठ वाजता दादरच्या एका जुन्या हॉटेलात मला सांगण्यात आलं, की बटाटावड्याबरोबर दुसऱ्यांदा चटणी हवी असेल तर दहा रुपये पडतील. मराठी माणसाच्या ऱ्हासाची कारणं शोधणाऱ्यांनी फार लांब जाऊ नये. उरलेला वडा कोरडाच गिळला, शोकाकुल अवस्थेत भुयारी मेट्रो पकडली आणि गिरगावात उतरलो.

निघायचं कारण एक कॉमेंट. गेल्या महिन्यात मी याच ब्लॉगवर आल्फ्रेड पेनिकट या व्हिक्टोरियन चित्रकारावर लिहिलं होतं. तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नाही. त्याच्या गल्लीतही कोणी ऐकलं नसावं. हा गृहस्थ जन्मभर इंग्लंडातल्या कारखान्यात बसून टाइल्सवर बायका रंगवत राहिला. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर. चौघींचा चेहरा एकच. या चौघी गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्यात, मजल्याला एक अशा आहेत. सगळ्यात वर पाचवी, वर्षा: भाताच्या खाचरात वाकलेली, डोक्यापासून पाठीपर्यंत पानांचं इरलं घेतलेली. ‘परक्या माणसाने इरल्याची गाठसुद्धा किती प्रेमाने टिपली!’ असं मी लिहून बसलो होतो. खाली लालबागच्या स्मिता जाधव यांनी लिहिलं, ‘ती बाई माझी पणजी आहे. घरी या, दाखवते.’

आधी चाळीत गेलो. (जाणार असाल तर सकाळी जा, उजेड बरा असतो, फोटोआधी विचारा.) सेक्रेटरी केळकरकाका खुशीत होते. सोमवारी दारावर पितळी पाटी लागणार होती, पाचही चित्रं पेनिकटची म्हणून, मजकूर माझ्या पोस्टवरून.

जिना चढलो. चार टाइल्सच्या कोपऱ्यात पेनिकटची सही. पाचवीला नाही. मागच्या वेळी चार सह्या बघून पाचवी मी मनानेच करून टाकली होती. आणि तिचा चेहराही वेगळा होता! एवढा मोठा पुरावा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याचे फोटो काढून परत गेलो होतो. पाच मजले दुखऱ्या पायांनी उतरलो.

लालबागला टॅक्सी केली, दोनशेच्या आत. वाटेत बांगडा थाळी घेतली, पण चव काही कळली नाही. स्मिताताईंनी जय भीम करून आत घेतलं आणि स्वयंपाकघरातून गरम भांडी ठेवायची टाइल आणून दिली. पाचवी बाईच. भाजताना तडा गेलेली, पहिली खेप. मागे नाव: शिवराम जाधव. हे स्मिताताईंचे आजोबा, परळच्या चिनी मातीच्या कारखान्यात कामाला. संच चारांचा, मजले पाच. रिकामी जागा भरायला चाळीच्या मालकाने त्यांना बोलावलं. त्यांनी रत्नागिरीकडे दुसऱ्यांच्या शेतात लावणी करणारी स्वतःची आई काढली.

“सर, ती गाठ पाच वर्षांचे असल्यापासून आजोबा रोज मारून द्यायचे आईला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ती गोऱ्याला देऊन टाकलीत.”

मी विचारलं, सोसायटीत का नाही सांगितलं? दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांना माझा ब्लॉग दाखवला गेला.

“माझ्या पप्पांनी आम्हाला तो जिना दाखवला. मी मुलीला नेणार, तर ती आधी पाटी वाचणार. तिने माझं ऐकायचं की पितळेचं?”

टाइल उलटी करून मी मागच्या नावाचा फोटो काढला.

घरी आलो. दुखरे पाय उद्या बरे होतील; माझं वाक्य पितळेत गेलं की कोण उतरवणार? जुनी पोस्ट दुरुस्त केली आणि केळकरकाकांना फोन लावला. ते आधी वैतागले, मग त्यांनी ऐकून घेतलं. पाचचे चार करता येतील, म्हणाले, पण पाटी भरलीय हो, नवी ओळ बसायची नाही. काढायचीच तर सगळ्यात खालची एक निघेल.

“काय आहे तिच्यात?”

“संशोधन, आणि पुढे तुमचं नाव.”

“ती काढा. पाचवे चित्र: शिवराम जाधव, परळ, असं घाला.”

त्यांनी अक्षरं मोजली. बसतंय, म्हणाले.