हॉलंडची जोहाना, आमची जनाआय

आय गेली.

हॉलंडमध्ये जन्मलेल्या माझ्या सासूला आज आम्ही भिवंडीच्या खाडीकाठी अग्नी दिला.

तिचं नाव जोहाना. गावाने त्याचं जना केलं. पोरं झाल्यावर जनाआय.

माझे सासरे बोटीवर खलाशी. हॉलंडच्या एका बंदरात न्यूमोनियाने आजारी पडले आणि बोट पुढे निघून गेली. बरे होईपर्यंत ज्या शेतकऱ्याच्या घरी राहिले, त्याची ही मुलगी. लग्न करून आली ती थेट दापोड्याच्या पलीकडे आमच्या गावात, भाताच्या चिखलात.

तिच्या सासूने तिला वर्षभर स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. अंगणात वेगळी चूल मांडून दिली.

तिने त्याच चुलीवर तांदळाची भाकरी शिकून घेतली.

तिला 'ळ' आणि 'ण' कधी जमले नाहीत. पण आमच्या आगरी गावात ते कुणालाच लागत नाहीत. डोळे मिटून ऐकलं तर बाई इथलीच!

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सासरे गेले. पोरं अजून शाळेत होती. भावकी म्हणाली, "आता तू तुज्या देशाला जा. जमिनीचं आमी बघू."

ती म्हणाली, "लावनी तोंडावर हाय. मी कशी जाऊ?"

आणि साडीचा काष्टा मारून शेतात उतरली.

मी भिवंडी शहरातल्या निजामपुऱ्याची. बौद्ध. बाबा पॉवरलूमचे फिटर. दशक संपता संपता तिच्या धाकट्याशी मी रजिस्टर मॅरेज केलं.

आम्ही घरी पोचलो तर दारात भावकी उभी. तिचे दीर नारायणकाका म्हणाले, "जना, हिला घरात घेतलीस तर तुज्या घरचं पानी बी आमाला चालनार न्हाय."

आयने माझा हात धरला आणि मला सरळ आतल्या चुलीपर्यंत नेलं.

"मला हितं यायला वरीस लागला," म्हणाली. "तू आजच ये."

भावकीने खरंच येणं बंद केलं. हळदीकुंकू बंद, बारशाला बोलावणं बंद. मला वाटायचं, माझ्यामुळे ही बाई दुसऱ्यांदा परकी झाली. ती मात्र रोज पहाटे बांधावर चक्कर मारायची, येऊन चहा प्यायची आणि मला म्हणायची, "शालेला जा, उशीर व्हईल." मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते.

खाडी आणि आमची शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध आहे. सगळ्या गावाचं भात त्याच्या आड. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन दोन-तीन वर्षं कामातून जाते.

लग्नानंतरच्या भादव्यात उधाणाच्या भरतीला तो बांध फुटला. भरदुपारी.

गाव काठावर गोळा झालं. पोटरीला आलेलं, लोंब्या धरायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यात झुकायला लागलं. बायका रडायला लागल्या.

आय फुटलेल्या जागी उतरली. छातीएवढ्या पाण्यात.

"जना, वर ये!" नारायणकाका ओरडले.

"रात्रीची भरती यायच्या आत बुजवायचा. बांबू आना. पेंढा आना." मग माझ्याकडे वळली. "तुज्या बापाकडं जा. गोन्या पायजेत."

मी रिक्षाने निजामपुरा गाठला. बाबा शिफ्टवर होते. लग्नाला ते आले नव्हते, त्यानंतर आमचं बोलणंही नव्हतं. मी कारखान्याच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, आयनं गोण्या मागितल्यात."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. लूम बंद केला.

सुताच्या रिकाम्या गोण्यांनी भरलेला टेम्पो आणि शिफ्ट सोडून आलेले कामगार घेऊन आम्ही बांधावर पोचलो. एक जण चिखलात उडी मारत म्हणाला, "अम्मा, बोलो, किधर डालना है?"

मग काय सांगू! आगरी, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांची एकच रांग लागली. नारायणकाका माती भरत होते आणि माझे बाबा गोणीचं तोंड धरत होते. मध्ये ही गोरी बाई, केसांपर्यंत चिखल, एकेक गोणी पायाने दाबून बसवत होती. ओहोटी होती तोवर काम झालं. दिवस मावळताना बांध उभा राहिला.

मी घरी जाऊन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी करून आणली.

कुणीच हात पुढे केला नाही.

आय चिखलातच बसली. माझ्या हातातून भाकरी घेतली आणि खायला लागली. हिराकाकू, नारायणकाकांची बायको, पुढे आल्या. मग तिच्या शेजारी बसल्या.

"जना, अर्धी दे."

नारायणकाका तेवढे घरी गेले. बाकी सगळे जेवले.

जेवताना हिराकाकूंनी विचारलं, "तुला भ्या न्हाय वाटला गं?"

"माजी धाकटी बहीन अशीच पान्यात गेली," आय म्हणाली. "आमचा बी बांध फुटला व्हता. तवा मी नुस्ती बघत व्हती."

इतक्या वर्षांत ती हे कुणाला बोलली नव्हती. माझ्या नवऱ्यालाही नाही.

पुढे नारायणकाका अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, "जना, सुनेला पेज घेऊन धाड." मी गेले. त्यांनी वाटी पुरी संपवली.

नव्वदच्या दशकात आजूबाजूच्या शेतांची गोडाऊन झाली. भावाभावांत कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा आमच्या ओटीवर रोज कोणीतरी बसलेलं असायचं. जनाआयला विचारल्याशिवाय भावकीत एकही वाटणी झाली नाही. "जा म्हणणारी" तीच भावकी.

गेले काही महिने तिची मराठी पुसली गेली होती. फक्त डच बोलायची. घरात कुणालाच कळायचं नाही. ती माझा हात धरून तासन् तास सांगत राहायची, मी "हो आय, हो" म्हणत राहायचे.

काय सांगत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हो आय.

जा तू आता निवांत. आमचा सगळ्यांचा नमस्कार.