केळीचा घसा बसला ते वर्ष

शेतकी खात्यात नोकरी केलेल्या माणसाला चार जणांत बसवलं की तो पावसाचे किस्से सांगतो. माझ्याकडं मात्र थंडीचे साठलेत, आणि तेही बहुतेक एकाच हिवाळ्याचे. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. कोटाच्या खिशात जुनी एसटीची तिकिटं राहून जातात तसे ते राहतात. एक काढायला हात घालावा तर चार निघतात!

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद गावोगाव धुमसत होता त्या वर्षांतली गोष्ट. मी मानवतच्या बाजूला कृषी सहायक होतो. जोडीला वाघमारे, तोही कृषी सहायकच. आमच्या वर सावंत साहेब, कोकणातून बदली होऊन आलेले.

रुजू झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, "परभणी म्हणजे ऊन! स्वेटर रत्नागिरीलाच ठेवून आलो."

जानेवारीत तेच साहेब कानाला टॉवेल गुंडाळून, हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसलेले. सही करायला हात बाहेर काढायला तयार नाहीत. वाघमारे फाईल पुढं सरकवत म्हणाला,

"साहेब, स्वेटरला तार करू का?"

*

त्याच आठवड्यात शेषराव तात्या ऑफिसात आले. कालव्याच्या कडेला त्यांची केळीची बाग. सगळ्या पंचक्रोशीत तशी बाग नव्हती. तात्या दारातूनच म्हणाले,

"साहेब, केळीचा घसा बसलाय!"

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "हळद-दूध द्या."

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत. मग साहेबांनी मान वर केली आणि आम्ही तिघंही त्यांच्याबरोबर बागेत गेलो.

तात्या खोटं बोलत नव्हते. ऐन घड बाहेर पडायच्या वेळेला गारठा आला होता. झाडाची वाढ थांबून वरचा गळा आवळला गेला होता, आणि घड त्यात अडकले होते. काही बुंधा फोडून कडेनं डोकावत होते. पानं कडेनं पिवळी, काही ठिकाणी भाजल्यासारखी काळी. तात्या एकेका झाडाला हात लावत पुढं चालले होते. दवाखान्यात माणसं खाटांमधून चालतात तसे.

"ह्याला काय करावं, साहेब?"

साहेबांनी एक काळं पान उलटून बघितलं. शेवटी म्हणाले, "थंडी कमी व्हायला हवी."

तात्या म्हणाले, "हे तर आमच्या म्हशीलाबी कळायलंय!"

*

साहेब माणूस मनाचा चांगला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावात पारावर सभा घेतली.

"झाडाचंसुद्धा शरीर असतं," ते सांगायला लागले. "थंडी हळूहळू वाढली तर झाड सावध होतं. अंगातलं पाणी कमी करतं, साखर वाढवतं. रस घट्ट झाला की तो लवकर गोठत नाही. पण काल घाम आणि आज गारठा असं झालं, की त्याला तयारीला वेळच मिळत नाही. केळीला तर गोठायचीही गरज नाही. नुसत्या गारठ्यानं ती आजारी पडते."

लोकांनी माना डोलावल्या. सभा संपली.

परत येताना वाघमारे ओढ्याकडं बघत चालला होता. त्याचं गाव तेच. ओढ्याच्या पलीकडं बौद्ध वस्तीत त्याची आई राहायची, आणि तात्याच्या बागेतली निम्मी केळी तिच्या हातची लावलेली. मी म्हटलं, "काय रे, साहेब छान बोलले की."

"लय छान बोलले. पण माणसाचं उलटं हाय. थंडी हळूहळू वाढली तर माणूस सावधच होत न्हाई!"

*

तात्याच्या बांधाला लागून त्यांच्या धाकट्या भावाचं, मारोतीचं रान. त्यानं गहू पेरलेला. आता गव्हाला थंडी म्हणजे दूध-तूप! फुटवे असे फुटले होते की रानात पाय ठेवायला जागा नव्हती.

इकडं भावाची बाग काळी पडायली, तिकडं ह्याचा गहू डुलायला. मारोती तोंड लपवून हिंडायचा. पारावर यायचा नाही, गव्हाकडंसुद्धा मागच्या वाटेनं जायचा.

एकदा मी त्याला देवळात गाठलं. हात जोडून उभा, ओठ मिटलेले.

"काय मागितलं?"

"काय मागावं?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "थंडी राहू दे म्हणावं तर भाऊ मरतो. जाऊ दे म्हणावं तर मी. म्हून नुसताच उभा राहतो, साहेब. देवाला वाटावं, हा आलाय!"

*

तात्याच्या परसात पपईची चार झाडं होती, त्यांची बायको गयाबाई हिनं जीव लावून वाढवलेली. केळीची गत बघून ती घाबरली. घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या, जुनी लुगडी, सगळं तिनं पपईच्या बुंध्याला गुंडाळलं. वरून पोत्यांच्या टोप्या घातल्या. लांबून बघितलं तर चार म्हाताऱ्या अंगणात उभ्या!

गाव बघायला आलं. ओसरीवर तिचा सासरा बसलेला, अंगावर एक विरलेलं धोतर, थरथरतोय.

कुणीतरी गमतीनं म्हणालं, "काय बाबा, पपईला गोधडी अन् तुमाला न्हाई?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पपईला फळं यायचीत अजून."

कुणी हसलं नाही. गयाबाईनं उठून एका पपईची गोधडी सोडली आणि त्याच्या अंगावर टाकली. ती पपई आठवड्यात गेली. म्हातारा फाल्गुनात.

*

नुकसानीची पाहणी करायला परभणीहून मोठे पाहुणे आले. आले ते भर दुपारी. तात्यांनी सत्काराला शाल आणून ठेवली होती. ती पाहुण्यांच्या खांद्यावर घातली आणि सगळे बागेत शिरले.

दहा पावलांत पाहुण्यांना घाम फुटला. शाल काढून त्यांनी सावंत साहेबांच्या हातात दिली.

"इथं तर चांगलंच ऊन आहे! थंडी कुठंय?"

साहेब शाल धरून उभे. तात्या पुढं झाले आणि म्हणाले,

"पहाटं या, साहेब. ती काय तुमची वाट बघत बसत न्हाई!"

पाहुणे हसले. 'माणूस विनोदी आहे' म्हणाले, आणि जेवायला गेले.

*

आता साहेबांची एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. बागेवर नांगर घालायचं तात्यांनी ठरवलं, तेव्हा साहेब स्वतः धावत गेले.

"थांबा! वरचं गेलं तरी खाली कंद जिवंत आहे. केळी अशीच तगते. वरचं सोडून देते आणि मातीत जीव धरून बसते. काळं झालेलं कापा. ऊब आली की पिलं फुटतील."

तात्यांनी ऐकलं. आणि खरंच, होळीच्या सुमाराला काळ्या बुंध्यांच्या पायाशी हिरव्या सुया निघाल्या! वाघमारेच्या आईनं वाकून एकेक पील बघितलं. तात्यांनी साहेबांना बागेतच मिठी मारली. साहेबांचे डोळे भरून आले.

चैत्रात कालव्याचं पाणी बंद झालं.

तात्या पुन्हा ऑफिसात आले. एक वाळलेलं पील टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते हातात घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं.

"तात्या, पाणी माझ्या खात्यात येत नाही हो," ते म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड केलं.

*

शेवटचा किस्सा मात्र मधला आहे. पाहणीच्या आधीचा, अर्धी बाग तरी वाचेल अशी आशा होती तेव्हाचा.

साहेबांनी उपाय सांगितला होता. पहाटे गारठा सगळ्यात जास्त असतो, तेव्हा बागेच्या कडेनं ढीग पेटवायचे. वर ओला पाला टाकायचा. जाळ नको, धूर पाहिजे. धूर बागेवर पांघरुणासारखा बसतो. तात्यांनी बागेच्या चारी बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग रचले.

पहाटे मी आणि वाघमारे मोटारसायकलवरून बघायला निघालो. पऱ्हाट्या वाळलेल्या, त्यामुळं धुराच्या आधी जाळच उठला होता. लांबूनच आभाळ तांबडं दिसायलं. वाघमारे मागून एकदम म्हणाला, "गाडी वस्तीकडं घे."

वस्तीत घरांची दारं सताड उघडी. एका चुलीवर चहाचं पातेलं, खाली विस्तव. माणूस एक नाही.

नामांतराचा ठराव झाला त्या साली ही वस्ती जाळली होती.

वाघमारे ओढ्याकडच्या ज्वारीच्या रानाकडं तोंड करून ओरडायला लागला, "आये! भिऊ नका! जाळ केळीसाठी हाय! केळीला थंडी वाजायली, आये!" ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला.

ज्वारी हलली. आधी त्याची आई बाहेर आली, गुडघ्यापर्यंत लुगडं दवानं भिजलेलं. तिच्या मागून म्हातारी माणसं, पोरांच्या तोंडावर हात दाबून धरलेल्या बाया, सगळी वस्ती. तोवर ओरडणं ऐकून तात्याही ओढ्याच्या अलीकडं येऊन उभे राहिले होते.

वाघमारेच्या आईनं आधी जाळाकडं बघितलं, मग तात्यांकडं.

"केळीला थंडी वाजायली म्हून इस्तू? मंग तवा कोणाला थंडी वाजत व्हती, तात्या?"



दुसऱ्या दिवशी गारठा आणखी वाढला. आम्ही पुन्हा पहाटे गेलो. कुठंच धूर नव्हता. नवे ढीग रचून तयार, वर ओला पाला, शेजारी रॉकेलचा डबा. तात्या घोंगडं पांघरून एका ढिगापाशी उकिडवे बसलेले. समोर केळीची पानं दवानं जड होऊन लोंबत होती.

मी म्हणालो, "तात्या, पेटवलं का न्हाई?"

"काडीपेटी सादळली," तात्या म्हणाले.

आणि घोंगड्यातून हात बाहेर काढून त्यांनी त्याच पेटीतली काडी ओढली, वाघमारेच्या हातात एक बिडी दिली, त्याची पेटवली, मग आपली.