रस्ता आपला आपण राहतो

साहेब आले, चहा घेतला आणि गेले. आठवड्याने हुकूम आला. वडिलांच्या टोळीत बारा माणसं होती, ती चार झाली.

वडील रस्त्यावर ओव्हरसियर होते. कामशेतच्या खिंडीपासून वलवणपर्यंतचा मुंबई-पुणे रस्ता त्यांच्याकडे होता. डांबर तेव्हा आमच्या बाजूला पोचलं नव्हतं. खडी अंथरायची, वर मुरूम टाकायचा, पखालीने पाणी मारून रोलर फिरवायचा. आणि मग मावळातला पाऊस चार महिने ते सगळं उकरून काढायला बसायचा. त्याला अडवायचं काम टोळीचं. ही माणसं भाजे गावाच्या वरच्या डोंगरवाडीतली. सकाळी मळवलीला रेल्वे ओलांडून ती रस्त्यावर येत. कडेचे चर मोकळे ठेवायचे, पाणी रस्त्यावर चढू द्यायचं नाही, खड्डा ताटलीएवढा असतानाच भरून धुमसाने ठोकायचा, हे त्यांचं पावसातलं काम. पाऊस सरला की बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नसे. रस्ता तेवढा दिसे.

रस्ता जोखायची त्या साहेबांची स्वतःची एक रीत होती. ते पुण्याचे इंजिनिअर, मराठी बोलणारे, वागायला सौम्य. मोटारीत पायाशी पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं आणि हद्द संपली की त्यात पाणी किती उरलं ते पाहायचं. फळी लावून उंचसखलपणा मोजायचा सरकारी नियम होता, तोही ते पाळत. पण त्यांचा विश्वास पाण्यावर होता. कोणाच्या हद्दीत किती सांडलं, याच्या गोष्टी मग खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत होत.

तपासणी कार्तिकात असे. त्याआधी वडील कामशेत स्टेशनवरचा एक टांगा ठरवत आणि घरातलं पितळी फुलपात्र भरून मांडीजवळ धरून बसत. टांग्याबरोबर टोळीचा नाईक चालायचा. पाणी जिथे डुचमळलं तिथे तो चुन्याची चिमूट टाकायचा. मागून बाकीची माणसं येऊन ती जागा पुन्हा ठोकायची. हा खेळच होता त्यांचा. एकदा घोडा बुजला आणि पाणी वडिलांच्या धोतरावर सांडलं, तेव्हा टांगेवाला म्हणाला, “भाऊ, घोड्याला काय ठावं आज परीक्षा हाय.” टोळी हसली, वडीलही हसले. आई म्हणायची, घरात हंडा रिकामा आणि रस्त्याला मात्र फुलपात्रं भरून चाललीत.

मी तेव्हा पुण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. आमचं सरकारी घर कार्ल्याच्या फाट्याजवळ होतं. हद्द तपासून झाल्यावर साहेब आमच्या ओसरीवर थांबले. चहाचा ट्रे मीच नेला. टोळी समोर चिंचेखाली उभी होती, ऐकू येणार नाही इतकी लांब. साहेबांच्या ड्रायव्हरने फुलपात्र आणून ओसरीच्या कठड्यावर ठेवलं होतं. ते भरलेलं होतं. वडिलांनी ते टोळीला लांबूनच दाखवलं आणि चिंचेखाली एकदम गलबला झाला.

साहेब म्हणाले, “ओव्हरसियर, कमाल आहे तुमची. हा रस्ता असा ठेवायला त्रास फार पडत असेल?”

वडील म्हणाले, “छे, साहेब. त्रास कसला? एकदा नीट बसवला की रस्ता आपला आपण राहतो.”

आमच्या घरात कोणी वाखाणणी केली की असंच बोलायची रीत होती. आईच्या पुरणपोळीला कोणी चांगलं म्हटलं तर ती म्हणे, डाळच चांगली होती. माझा परीक्षेत नंबर आला तेव्हा वडील शेजाऱ्यांना म्हणाले होते की पेपर सोपे होते. त्यामुळे त्यांचं ते उत्तर ऐकून मला अभिमान वाटला. साहेबांनी मान डोलावली आणि कप खाली ठेवला.

हुकमात दोनच ओळी होत्या. सदर हद्दीतील रस्त्याची स्थिती उत्तम असल्यामुळे तितक्या माणसांची आवश्यकता दिसत नाही, असा त्यांचा अर्थ.

वडील सकाळी चिंचेखाली गेले. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. पान उलटलं नाही. आठ जण कमी करायचेत, असं त्यांनी टोळीला सांगितलं. नाईकाने विचारलं, “रस्ता वाईट झाला का, भाऊ?”

“नाही. चांगला झाला म्हणून.”

मग नाईक म्हणाला, “आसं व्हय. मंग वाईट कराया पायजे हुता.” मागे कोणीतरी हसलं. नाईक हसला नाही, रागावलाही नाही. समजून घेतल्यासारखं बोलला. वडिलांनी आपण काय बोललो होतो ते त्यांना सांगितलं नाही. कोणाला काढायचं हे नाईकानेच ठरवलं. लहान पोरं असलेल्या चौघांना त्याने ठेवलं आणि स्वतः इतर सात जणांबरोबर घाटाखाली कोळशाच्या भट्ट्यांवर गेला.

एकदा वडील कोट-टोपी घालून पुण्याला निघाले. साहेबांना भेटतो, म्हणाले. बारा माणसं होती म्हणून रस्ता तसा होता, एवढंच त्यांना सांगायचं होतं. टांग्याने कामशेत स्टेशनवर गेले आणि दुपारी परत आले. गाडी चुकली, म्हणाले. ते घरातून फार लवकर निघाले होते. आईने त्यांचा कोट खुंटीला लावला आणि पान वाढलं. मला वाटतं, ते फलाटावर बसून राहिले असावेत. आपणच बोललेलं वाक्य परत घ्यायला त्यांना जमलं नसावं. नंतर पुन्हा ते निघाले नाहीत, आणि आम्हीही जा म्हटलं नाही.

दरवर्षी वैशाखात नाईकाची बायको पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन येई. त्या वर्षी ती येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती आली. पायरीवर बसली, म्हणाली, भट्टीवरचा धूर त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. “बाई, भाऊ हायत का घरात?” तिने विचारलं. वडील आतल्या खोलीत होते. आई म्हणाली, नाहीत. आईला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. द्रोण आत नेला तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. करवंदं सुकली. शेवटी आईने ती परड्यात टाकली, मला दिसणार नाही अशा बेताने.

पावसाळ्यात चौघांनी जिवापाड काम केलं. पण एका ठिकाणचा चर उपसावा तर दुसरीकडे पाणी रस्त्यावर चढलेलं असे. श्रावणात कार्ल्याजवळ मुरूम वाहून गेला आणि खडी उघडी पडली. बैलगाड्या कडेने जायला लागल्या, मग कडाही गेल्या. वडील छत्री घेऊन दिवसभर रस्त्यावर असत. कधीकधी स्वतः फावडं घेत.

कार्तिकात साहेब आले. फुलपात्र निम्मं झालं होतं. चहा घेताना ते मायेनेच म्हणाले, “ओव्हरसियर, वय झालं का?”

वडील म्हणाले, “होय, साहेब.”

मी ट्रे धरून उभी होते. बोलायला एवढी संधी पुरे होती आणि ती समोरून गेली. पुढच्या वर्षी वडिलांना पेन्शन मिळाली. आम्ही लोणावळ्याला राहायला आलो. त्या बाजूला जायचं झालं तर ते आगगाडीने जात, आणि गाडीतही रस्ता दिसत नाही त्या खिडकीशी बसत.

ते गेले त्याला आता दोन महिने होतील. तेराव्याला नाईक आला. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला. दारातच बसला. म्हणाला, “भाऊंनी लय राखला रस्ता. त्यांच्या वक्ताला थेंब सांडला न्हाई.” मी त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो जेवला, हात धुतले आणि गेला.

रस्ता आता डांबरी आहे. पितळी फुलपात्र माझ्याकडे आहे. ओसरीवरचं ते वाक्य घरात आम्हा तिघांना ठाऊक होतं. आई वडिलांच्या आधीच गेली. आता माझ्या एकटीकडे राहिलं आहे. नाईकाला ते कोणी सांगितलेलं नाही, आणि हे छापून आलं तरी त्याला वाचता येत नाही.